संकल्पातला ‘च’

‘सोमवारपासून पहाटे पाचला उठून जिमला जायचंच.’ हे वाक्य कुठे मोडणार ते त्याच्या शेवटच्या अक्षरातच लिहिलेलं असतं. सोमवार पार पडतो, मंगळवारही. बुधवारी ऑफिसात खटका उडतो, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही, गुरुवारी गजर बंद करून माणूस कूस बदलतो आणि ‘जायचंच’चं ‘आता काय उपयोग’ होतं. चतुर्थीच्या उपासाला चुकून बिस्किट तोंडात गेलं की ‘मोडलाच आहे तर’ म्हणत दोन वडापाव हाणणारे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात. दारू सोडू पाहणारे असोत की डाएट करणारे, ही ‘मोडलाच आहे तर’ची घसरण अभ्यासकांना पुन्हा पुन्हा सापडली आहे. चुकलेला एक दिवस फारसं बिघडवत नाही. बिघडवतो तो त्या दिवसाचा माणसाने लावलेला अर्थ.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत आणली ती कि. मो. फडके यांनी. ही पद्धती इच्छा आणि हट्ट यांत फरक करते. ‘रोज व्यायाम व्हावा’ ही इच्छा, ‘झालाच पाहिजे’ हा हट्ट. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतो. हट्ट मोडला की शेरा कृतीवर न पडता स्वतःवर पडतो: ‘माझ्याच्याने काही होत नाही.’ मन आधीच खचलेलं असेल तर हा शेरा त्याला आयता पुरावा म्हणून मिळतो.

आपल्याकडे मात्र व्यायाम सुटला की निदान एकच, शिस्त नाही. ट्रेनर तेच म्हणतो, घरचे तेच म्हणतात आणि ज्याचा सुटला तोही तेच म्हणतो. या निदानाने बहुतेकांचं काही भलं होत नाही. व्यायाम टिकत नसेल तर पहिली चौकशी मनाची आणि झोपेची व्हायला हवी. ती करण्याची जबाबदारी एकट्या माणसावर टाकून चालणार नाही. फिटनेस विकणाऱ्या जिमने, पावलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्यांनी आणि ‘वजन कमी करा’ एवढंच सांगून पुढच्या पेशंटची बेल दाबणाऱ्या डॉक्टरांनीही ती उचलली पाहिजे.

आकडे बघा. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत ५७. पुरेशी म्हणजे फार नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. दुसरीकडे, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. घरी बसणारा प्रत्येकजण आजारी आहे असा याचा अर्थ नाही. पण या दोन गर्दींत बरीच माणसं सामाईक असणार, आणि त्यांना आपण ‘आळशी’ या एकाच पेटीत टाकतो.

आळस आणि नैराश्य वेगळे ओळखता येतात. कंटाळा आलेला माणूस व्यायाम बुडवून मॅच बघतो, आणि मजेत बघतो. नैराश्यातला माणूस मॅचही लावत नाही, किंवा लावतो आणि स्कोअर काय झाला ते त्याला सांगता येत नाही. आवडीच्या गोष्टींतली गोडी जाणं आणि दिवसातला बराच वेळ मन उदास असणं, यातलं काहीही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो विषय शिस्तीचा राहत नाही. सोबत एक कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईला ‘मनाची तयारी हवी’ असं सांगणं हा निव्वळ अन्याय आहे.

आता जिमला जाणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. बाहेरून ती एक कृती दिसते. आतून ती अशी असते: उठायचं, दात घासायचे, धुतलेली ट्रॅकपँट शोधायची (ती दोरीवर ओली आहे), बाटली भरायची, किल्ली शोधायची, लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी हसायचं, स्कूटर काढायची, पार्किंग मिळवायचं, आत जायचं, आरशासमोर उभं राहायचं. निरोगी मन हे दहा टप्पे एका दमात ओलांडतं, मोजतही नाही. नैराश्यात प्रत्येक टप्पा स्वतंत्र निर्णय होऊन बसतो, कारण हालचाल आणि विचार दोन्ही खरोखर मंदावलेले असतात. आणि दाराशी शेवटचा अडथळा उभा असतो: ‘काय साहेब, बऱ्याच दिवसांनी! कुठे होता?’ ट्रेनर हे आपुलकीनेच विचारतो. पण तीन आठवड्यांच्या खंडानंतर कसंबसं दारापर्यंत आलेल्या माणसाला ती हजेरीची वही वाटते. पुष्कळजण या एका प्रश्नाला टाळण्यासाठी परत येत नाहीत.

पहाटेचं खूळ हा वेगळाच ताप. ब्राह्ममुहूर्ताचं आपल्याला इतकं कौतुक की संध्याकाळी सातला चालणाऱ्याला आपण अर्धाच व्यायाम करतो असं वाटायला लागतं. नैराश्याच्या एका प्रकारात झोप पहाटे तीन-चारलाच मोडते, मन सकाळी सर्वांत जड असतं आणि दिवस चढेल तसं थोडं हलकं होत जातं. अशा माणसाला पाचची वेळ देणं म्हणजे दिवसातल्या सर्वांत वाईट तासाशी त्याची गाठ घालून देणं. त्याची वेळ संध्याकाळची. झोप कापून व्यायाम बसवण्याचा हट्टही असाच महागात पडतो. २०१० साली शिकागोत झालेला एक छोटा, पण काटेकोर प्रयोग आहे. कमी उष्मांकाच्या आहारावर असलेल्या दहा जणांना १४ दिवस साडेआठ तास आणि १४ दिवस साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. दोन्ही वेळा आहार सारखाच होता, वजनही जवळपास सारखंच उतरलं. पण कमी झोपेत चरबी ५५ टक्क्यांनी कमी झडली आणि स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाची झीज ६० टक्क्यांनी वाढली. रात्री एकला झोपून पाचला ट्रेडमिलवर उभा राहणारा माणूस नेमकं हेच कमावत असतो.

चिंतेचा आजार असलेल्यांची अडचण निराळी. त्यांना पॅनिकच्या झटक्यात धडधडतं, धाप लागते, घाम फुटतो, छाती आवळते. ट्रेडमिलचा वेग वाढवल्यावरही हेच होतं. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही, माणूस घाबरून खाली उतरतो, आणि उतरल्यावर बरं वाटलं म्हणून ‘व्यायाम आपल्याला सोसत नाही’ असा धडा पक्का होतो. हृदयाचं काही नाही हे डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावं आणि मग उलट्या बाजूने शिकावं: दहा मिनिटं अशा वेगाने चालायचं की बोलता येईल पण गाता येणार नाही, मग एक मिनिट वेग वाढवायचा, धडधड जाणवली की यंत्र थांबवायचं नाही, फक्त वेग कमी करून ती ओसरताना पाहायची. आठवड्याला ते एक मिनिट दोन करायचं. धडधड आपोआप ओसरते, हे शरीराला दाखवावं लागतं, नुसतं सांगून भागत नाही.

गोळ्यांबद्दल जिममध्ये कोणी बोलत नाही आणि दवाखान्यात व्यायामाबद्दल कोणी विचारत नाही. ऑलान्झापिन किंवा मिर्टाझापिन या मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढू शकतं. मग ट्रेनर म्हणतो डाएट पाळत नाही, पेशंट चिडून गोळी परस्पर बंद करतो आणि आजार उलटतो. बंद करायची नसते, डॉक्टरांना वजनाचा आकडा दाखवून पर्याय विचारायचा असतो. चिंतेसाठी प्रोप्रानोलॉल चालू असेल तर नाडी पुरेशी चढत नाही, त्यामुळे नाडीची कमाल मर्यादा काढणारं ‘२२० वजा वय’चं गणित आणि मनगटावरचं घड्याळ दोन्ही निकामी, तिथे बोलण्याचीच कसोटी वापरावी. मनःस्थितीच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्याने एप्रिल-मेच्या उन्हात घामाघूम होऊन पाणी तोडणं धोक्याचं, कारण शरीरातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. जिमच्या फॉर्मवर रक्तगट विचारतात, चालू औषधं विचारत नाहीत.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: अहो, व्यायाम करा, डिप्रेशन पळून जाईल. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते जास्त त्रासदायक. २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २१८ चाचण्या आणि चौदा हजारांहून अधिक लोकांचा आढावा छापला, चालणं-धावणं, योग आणि वजनांचे व्यायाम यांचा नैराश्यावर चांगला परिणाम दिसला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९९ साली पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांवर केलेल्या चाचणीत १६ आठवड्यांनंतर व्यायामाचा गट आणि सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचा गट जवळपास बरोबरीने सुधारले होते. पण त्या चाचणीत आठवड्याला तीनदा, ठरलेल्या वेळी, देखरेखीखाली आणि गटात व्यायाम होत होता. वेळ ठरवणारं कोणीतरी होतं, वाट पाहणारं कोणीतरी होतं. आपण औषध तेवढं सांगतो आणि ते पाजणारा हात काढून घेतो. पाय मोडलेल्याला ‘चालल्याने हाडं बळकट होतात’ हे सांगणंही शास्त्रशुद्धच आहे.

मग आखणी कशी करायची? वाईट दिवसापासून. बहुतेक वेळापत्रकं उत्साहाच्या रविवारी बसून, उत्साही माणसासाठी लिहिलेली असतात. ती पाळायला मात्र बुधवारचा माणूस असतो. म्हणून एकाच कामाची तीन मापं ठरवावीत. चांगल्या दिवशी जिममध्ये चाळीस मिनिटं. बऱ्या दिवशी घरीच सहा सूर्यनमस्कार आणि पंधरा मिनिटं चालणं. वाईट दिवशी बूट घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचं, बस. कॅलेंडरवर तिन्हींना एकसारखीच फुली. वाईट दिवसाच्या फुलीला अर्धी म्हणायचं नाही, कारण त्या दिवशी गेटपर्यंत जाण्याला जे लागतं ते चांगल्या दिवशी चाळीस मिनिटांनाही लागत नाही. बूट आदल्या रात्री दाराशी, ट्रॅकपँट उशाशी. वरच्या दहा टप्प्यांतले जितके आदल्या दिवशी उरकतील तितके उरकावेत. आणि ‘व्यायाम करेन’ असं न लिहिता ‘मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला बागेच्या मागच्या गेटपासून’ असं लिहावं. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिवस, वेळ, जागा लिहून ठेवणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. नुसते व्यायामाचे फायदे वाचून प्रेरित झालेल्यांपैकी निम्म्यांनीही नाही. प्रेरणादायी रील बघण्यात जाणाऱ्या वेळेचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मूड आला की करू, हा क्रमही नैराश्यात उलटा लावावा लागतो. आधी कृती, मग कधीतरी मूड, तोही लगेच नाही. ‘व्यायामानंतर कसं छान वाटतं’ हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खरं ठरलं नाही तरी आपल्यात काही खोट आहे असं समजू नये. गोडी वाटणंच मंदावलेलं असतं. त्याऐवजी रोज दोन आकडे टिपावेत, दहापैकी: किती बरं वाटलं आणि किती जमल्यासारखं वाटलं. बहुतेकदा दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी आधी वर सरकतो. २१ दिवसांत सवय लागते ही लोककथा आहे. लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ जणांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या, तर सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा ६६ दिवस निघाला आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. २२ व्या दिवशी स्वतःला नापास करणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

खंड पडणारच आहे. खरा घोळ परत येताना होतो. अपराधीपणापायी माणूस पहिल्याच दिवशी जुनं वजन उचलतो, स्क्वॉटचे पाच सेट मारतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. स्नायूंचं हे दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. त्यात दुसरा खंड पडतो, आणि तो पहिल्यापेक्षा लांबतो. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर पहिला आठवडा नेहमीच्या साठ टक्के वजनावर, सेट निम्मे, दुसरा आठवडा ऐंशी टक्क्यांवर, मग पूर्ववत. एवढ्या काळात ताकद फारशी गेलेली नसते, दम मात्र घटलेला असतो, म्हणून धावण्यात घाई तर मुळीच नको. वजनकाट्यावर रोज उभं राहणंही थांबवावं. मीठ, पाळी, आदल्या रात्रीचा भात यांनी एक-दोन किलोचा फरक सहज पडतो, कारण शरीर पाणी धरून ठेवतं; भातातून साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर, सुमारे तीन ग्रॅम. हे माहीत असूनही खचलेलं मन आठशे ग्रॅमला निकालपत्र समजतं.

उलटं टोकही आहे, आणि त्याचं आपल्याकडे कौतुक होतं. तापात, दुखऱ्या गुडघ्यावर, बहिणीच्या हळदीच्या दिवशीही एक दिवस न चुकवणारा माणूस. खाल्लेली प्रत्येक पोळी ‘जाळल्या’शिवाय त्याला झोप येत नाही, दंड कितीही भरले तरी आरशात तो किडकिडीतच दिसतो. इथे शिस्त भरपूर आहे, आणि आजारही. कोणालाच शंका येत नाही, कारण सगळे त्याला ‘डेडिकेटेड’ म्हणत असतात.

आता व्यवस्थेचं बोलू. अमेरिकेतल्या तीन जिमच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या हजेरीचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. महिना ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे दर खेपेला १७ डॉलरच्या वर, जेव्हा दहा खेपांचा पास खेपेला १० डॉलरने मिळत होता. आपल्याकडची ‘वर्षाचे आत्ता भरा, तीन महिने फुकट’ ही योजना याच माणसावर चालते. जो येत नाही त्याच्या पैशावर जो येतो त्याचा एसी चालतो, आणि न येणाऱ्याला मात्र शिस्तीचं व्याख्यान मिळतं. आजारपणात, मानसिक आजारपणातही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सभासदत्व गोठवता आलं पाहिजे आणि ती अट पावतीवर छापलेली असली पाहिजे. ही मागणी ग्राहक संघटनांनी करण्यासारखी आहे.

तालमीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटायचा. कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत पोरगा दोन दिवस दिसला नाही तर वस्तादाला कळतं, जोडीदाराची जोड अडते आणि कोणीतरी खोलीवर डोकावतं. जुन्या तालमींना सोवळं चढवण्याचं कारण नाही. तिथे बायकांना बहुतेक जागा नव्हती आणि रडणाऱ्या पोराला हसायचेही. पण गैरहजेरीची दखल माणूस घेत होता. आता ती ॲप घेतं, ‘तुमची स्ट्रीक तुटली’ म्हणून.

कंपन्यांच्या दहा हजार पावलांचंही तसंच. तो आकडा १९६० च्या दशकातल्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात मृत्यूचा धोका ४,४०० पावलांवरच लक्षणीय कमी दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढेनासा झाला. तरी दर शुक्रवारी मेलमध्ये क्रमवारी फिरते, तळाची पाच नावं सगळ्यांना दिसतात, आणि त्या पाचांत नैराश्याचे उपचार घेणारं कोणी असेल तर त्याला आणखी एका यादीत शेवटचं बसवण्याची सोय एचआरने केलेली असते. याची मुळं शाळेत आहेत. गृहपाठ राहिला तर उठाबशा, बडबड केली तर मैदानाला दोन चकरा. व्यायाम ही शिक्षा आहे हे दहा वर्षं शिकवायचं आणि पुढे तिशीत त्याच उठाबशांना स्क्वॉट म्हणून पैसे भरायला लावायचे! शाळांनी ही शिक्षा उद्यापासून बंद केली तर एक रुपयाही खर्च होणार नाही.

जिमच्या प्रवेशअर्जावर दोन प्रश्न वाढवता येतील. गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश वाटलं, असं किती वेळा? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी हवी. ही पीएचक्यू-२ नावाची जगभर वापरली जाणारी चाळणी आहे, निदान नव्हे, आणि ट्रेनरने डॉक्टर व्हायचं नाहीच. त्याने उत्तरं गुप्त ठेवायची, व्यायाम हलका करायचा आणि भिंतीवरचा १४४१६ हा क्रमांक दाखवायचा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही मोफत सेवा चोवीस तास असते आणि मराठीतही बोलते. जगणं नको वाटतं असं कोणी म्हणालं तर त्याच क्षणी, त्याला एकटं न सोडता हा फोन लावायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. पॉलिसी घेताना ते कलम मागून वाचावं.

आणि खंडानंतर दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ‘कुठे होता इतके दिवस?’ विचारायचं नाही. ट्रेनरच्या प्रशिक्षणात हा अर्ध्या तासाचा धडा सहज बसेल. ‘या, आज नुसत्या रिकाम्या बारने करू,’ एवढंच म्हणायचं आणि बार स्टँडवर लावून द्यायचा.